भंगारातलं इंजिन उघडताना

भंगारातून आणलेलं इंजिन शेडमध्ये उतरवलं की पहिला मोह होतो तो रॉकेलची बादली आणि ब्रश घेऊन बसण्याचा. तो आवरा. इंजिनावर तेल आणि धुळीचा जो काळा थर चढलेला असतो, त्यात बरीच माहिती असते आणि ती एकदा धुऊन गेली की परत मिळत नाही. थर मागच्या बाजूला, फ्लायव्हीलपाशी जाड असेल तर तेल मागच्या मेन बेअरिंगकडून येत होतं. टॅपेट कव्हरखाली असेल तर पॅकिंग गेलंय, ती किरकोळ गोष्ट. हेड आणि ब्लॉकच्या सांध्याशी गंजाचे किंवा पांढुरके ओघळ दिसले तर तिथून पाणी झिरपत होतं. एखादाच भाग आजूबाजूपेक्षा स्वच्छ असेल तर तिथे अलीकडे कुणीतरी हात घातला होता, आणि तो का घातला हे शोधायला हवं. आधी चारही बाजूंनी फोटो काढा, वहीत दिसलेलं लिहा आणि मगच बाहेरची ढेकळं खरवडायला घ्या.

जुन्या गाडीसाठी आणलेलं इंजिन उघडणं हे चौकशीचं काम आहे. ते का थांबलं, त्यातलं काय वाचणार आहे आणि त्यावर पैसे घालावेत का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं उघडतानाच मिळतात. तेवढ्यासाठी हा लेख.

मी होसकोट्यातून लिहितो आहे. जुन्या मद्रास रस्त्यावरचं हे गाव बेंगळुरूपासून पंचवीस-तीस किलोमीटरवर आहे. शहाजीराजांच्या जहागिरीत बेंगळुरू आणि कोलारबरोबर होसकोटेही होतं. आज इथे व्होल्वोच्या ट्रक आणि बसचा कारखाना आहे, पिल्लगुंपेची औद्योगिक वसाहत आहे. जुन्या गाडीचा नाद असलेल्या माणसाला हे गाव सोयीचं, कारण शहरात पार्किंगसाठी भांडावं लागतं आणि इथे चार महिने इंजिन उघडं ठेवता येईल अशी शेड मिळू शकते. पण कारखाने शेजारी आहेत म्हणून तुमचं एक इंजिन तिथे कुणी हातात घेईल अशी आशा धरू नका. त्यांचं काम एकसारख्या हजारो भागांचं असतं. सुट्या भागांसाठी बेंगळुरूचा जे. सी. रोड आणि जुन्या मालासाठी शिवाजीनगरची गुजरी, या दोन ठिकाणी चकरा मारायची तयारी ठेवा. पुण्यात हेच काम बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात आणि मुंबईत चोरबाजारात होतं.

उदाहरण म्हणून अँबॅसॅडरचं पेट्रोल इंजिन घेऊ, कारण मराठी घरांच्या वाड्यांत, गोठ्यांत आणि पत्र्याच्या शेडमध्ये अजून ज्या गाड्या उभ्या आहेत त्यांत फियाटइतकीच अँबॅसॅडरही आहे. उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सच्या पहिल्या अँबॅसॅडरना साइड-व्हॉल्व इंजिन होतं. १९५९ पासून ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं १४८९ सीसीचं ओव्हरहेड-व्हॉल्व इंजिन आलं आणि ते बराच काळ टिकलं. १९५५ सालच्या एमजीए या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीतही ह्याच कुळातलं इंजिन होतं. याचा प्रत्यक्ष फायदा असा की एमजीएचं वर्कशॉप मॅन्युअल आजही सहज मिळतं, आणि उघडण्याचा क्रम, क्रँकची मापं यासाठी ते उत्तम आहे. कार्ब्युरेटर, कॅम आणि कॉम्प्रेशन मात्र अँबॅसॅडरचं वेगळं. तिथे हिंदुस्थान मोटर्सच्या पुस्तकावरच विसंबा.

घेण्याआधी

गुजरीत "अँबॅसॅडरचं इंजिन" म्हटलं की तीन वेगळ्या गोष्टी समोर येऊ शकतात. १४८९ सीसी पेट्रोल, तेवढ्याच सीसीचं डिझेल, आणि नव्वदच्या दशकातलं इसुझूचं १८०० सीसी. बाहेरून चिखलात माखलेलं पेट्रोल आणि जुनं डिझेल पटकन वेगळं ओळखू येत नाही. स्पार्क प्लग आणि डिस्ट्रिब्युटरची जागा आहे की इंजेक्टरची, एवढं बघितलं तरी फसगत टळते.

प्लग काढून बॅटरीनं आत बघा. पिस्टनच्या डोक्यावर कोरडा काळा कार्बन असेल तर ठीक. लाल गंज असेल तर पाणी आत गेलंय. एखाद्याच सिलिंडरमध्ये पिस्टनचं डोकं धुतल्यासारखं चकचकीत असेल तर तिथे हेड गॅस्केटमधून पाणी शिरून वाफ होत होती, आणि हेडला तडा असण्याची शक्यता धरून किंमत करा. क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन फिरतं का बघा. फिरलं नाही म्हणून लगेच नाकारू नका. जाम इंजिन स्वस्तात मिळतं आणि बरेचदा फक्त रिंगा गंजून बोअरला धरलेल्या असतात. ब्लॉकच्या बाजूला मात्र नीट हात फिरवा. वेल्डिंगचा ओघळ, एम-सीलचा लेप, एका जागी ताजा रंग असं काही लागलं तर तिथूनच मागे फिरा. कनेक्टिंग रॉडनं आतून भोक पाडलेलं असू शकतं.

इंग्रजी पुस्तकांत पाणी गोठून ब्लॉक फुटण्यावर पानंच्या पानं असतात. आपल्याकडे ते भय नाही. आपलं दुखणं निराळं आहे. होसकोटे-कोलार पट्ट्यातलं बोअरवेलचं पाणी जड, आणि वर्षानुवर्षं लोकांनी कूलंटऐवजी तेच पाणी रेडिएटरमध्ये ओतलं. ते क्षार वॉटर जॅकेटमध्ये, विशेषतः पाणी जिथे कमी फिरतं त्या मागच्या सिलिंडरभोवती, दगडासारखे बसतात. मराठवाड्यातली, सोलापूरकडची इंजिनंही याच कारणानं तापलेली सापडतात. ब्लॉकच्या बाजूचे गोल पत्र्याचे कोअर प्लग गंजून गेलेले असतील तर आत काय असेल त्याचा अंदाज करा.

कागदाची बाजूही इथेच उरकून घ्या. विकणाऱ्याकडून इंजिन नंबर लिहिलेली पावती घ्या. नंबर घासलेला, पुन्हा ठोकलेला असेल तर माल कितीही चांगला असो, घेऊ नका. हे इंजिन गाडीत बसवायचं असेल तर आरसीवरचा इंजिन नंबर बदलतो, त्यासाठी आरटीओची परवानगी लागते. आणि गाडी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांपेक्षा जुनी असेल तर आणखी एक विचार करा. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आली, आणि त्यात गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी अट आहे. म्हणून गाडीचं स्वतःचं इंजिन, मग ते पोत्यात भरलेलं का असेना, भंगारात देऊ नका. माझं मत विचाराल तर भंगारातलं इंजिन मूळ इंजिनाला भाग पुरवण्यासाठी घ्यावं. दोन खराब इंजिनांतून एक चांगलं उभं करणं जास्त शहाणपणाचं आणि गाडीशी जास्त इमान राखणारं आहे.

हत्यारं आणि जपणूक

१४८९ चे नटबोल्ट इंची आहेत, बहुतेक यूएनएफ आट्यांचे. इथे मिलिमीटरचे पाने चालवले तर नट गोल होतात, आणि गुजरीतल्या निम्म्या इंजिनांवर अशी गोल केलेली डोकी दिसतात. सात-सोळांश, अर्धा इंच, नऊ-सोळांश हे सहा कोनी सॉकेट विकत घ्याच. बारा कोनी सॉकेट गंजलेल्या नटावर घसरतो. फियाटला मात्र मिलिमीटरचेच पाने लागतात.

गिअरबॉक्सशिवायसुद्धा हे इंजिन दीडशे किलोच्या घरात भरतं. चेन कप्पी लोखंडी आढ्याला बांधा, पत्र्याच्या शेडच्या लाकडी वाशाला नाही. स्टँड नसेल तर जाड लाकडाची चौकट करा, ज्यात इंजिन सरळ उभं राहील आणि नंतर उलटंही ठेवता येईल.

दोन गोष्टींबद्दल मी आग्रहानं सांगतो, कारण आपल्या गॅरेजांत त्यांच्याकडे कुणी बघत नाही. जुन्या हेड गॅस्केटमध्ये तांब्याच्या पत्र्यांच्या आत अ‍ॅस्बेस्टॉस असतो, जुन्या क्लच प्लेटच्या धुळीतही असतो. गॅस्केटचे तुकडे कोरडे खरवडू नका, हवेच्या पाइपानं फुंकू नका. पाण्यानं किंवा तेलानं ओले करून काढा, ओल्या कापडानं पुसा आणि पिशवीत बांधून टाका. दुसरी गोष्ट शिशाची. आपल्या देशात २००० सालच्या फेब्रुवारीपर्यंत पेट्रोलमध्ये शिसं होतं. त्याआधी धावलेल्या इंजिनाच्या हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्वच्या आजूबाजूला करडा-पांढुरका थर दिसतो त्यात ते असतं. तोही ओला करूनच काढा, चांगला मास्क लावा, हात धुतल्याशिवाय चहाचा कप उचलू नका आणि लहान मुलांना शेडमध्ये येऊ देऊ नका.

जाम झालेलं इंजिन

जाम इंजिनाशी ताकदीनं भांडायचं नाही. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल, म्हणजे एटीएफ, यांचं मिश्रण ओता आणि वाट बघा. आठवडा लागला तर लागू द्या. मधूनमधून क्रँकच्या नटाला पाना लावून थोडं पुढे, थोडं मागे असा रेटा द्या. केसभर हालचाल झाली की काम झालं; तेवढ्याच अंतरात पुढे-मागे करत राहा, गंज आपोआप दळला जातो. पान्याला लांब पाइप लावून झटका मारू नका, रॉड वाकतो. फ्लायव्हीलच्या दात्यात पहार अडकवू नका, दाते तुटतात. महिनाभरात काहीच हललं नाही तर हेड उतरवून बोअरमधला गंज वरून पॉलिश पेपरनं साफ करा, पुन्हा भिजवा. पिस्टनवर ठोकायची वेळ आलीच तर कठीण लाकडाचा ठोकळा बोअरएवढा गोल करून त्यावर ठोका. पिस्टन फुटला तरी चालेल, तो नवा मिळतो. बोअरला ओरखडा आला तर खर्च वाढतो.

उघडण्याचा क्रम

पहिल्यांदा तेल काढा, आणि ते पांढऱ्या प्लॅस्टिकच्या टबात काढा. पाणी तेलापेक्षा जड असल्यानं चेंबरच्या, म्हणजे सम्पच्या, तळाशी पाणी असेल तर नट सैल करताच आधी तेच येतं. तेल दुधी चॉकलेटी असेल तर इंजिन चालू असताना पाणी मिसळलं होतं. पाणी आणि तेल वेगवेगळं येत असेल तर ते बंद असताना, बहुधा पावसात उघड्या कार्ब्युरेटरमधून, आत गेलं. दोन्हीचे अर्थ वेगळे आहेत. पहिल्यात गॅस्केट किंवा तड्याची शंका, दुसऱ्यात गंजाची. तेलातून लोहचुंबक फिरवा. चुंबकाला चिकटेल ते रिंग, कॅम किंवा टॅपेटचं. न चिकटता तळाशी चमकेल ते बेअरिंगचं किंवा पिस्टनचं.

हे तेल गटारात सोडू नका. होसकोट्याचं मोठं तळं दक्षिण पिनाकिनीच्या वाटेवर आहे आणि गावातली गटारं उताराला लागलेली आहेत. जुनं तेल कायद्यानं घातक कचऱ्यात मोडतं. कॅनमध्ये भरून ते अधिकृतपणे गोळा करणाऱ्याला द्या.

डायनामो, स्टार्टर, कार्ब्युरेटर, मॅनिफोल्ड ही वरवरची सामग्री उतरवायला वेळ लागत नाही. प्रत्येकाचे बोल्ट त्याच्याच पिशवीत, पिशवीवर नाव. डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी मात्र थांबा. एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनवर वर आणा. खूण अशी की त्या क्षणी चार नंबरच्या दोन व्हॉल्वपैकी एक बंद होत असतो आणि दुसरा उघडू लागत असतो. मग रोटर कुठे बघतो आहे त्याचा फोटो घ्या. या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर १-३-४-२.

रॉकर कव्हर काढलं की आणखी एक तपासणी करून घ्या, जी नंतर करता येत नाही. क्रँक हातानं फिरवत आठही व्हॉल्व किती खाली जातात ते वर्नियरनं मोजा. चार इनलेटची उचल एकमेकांशी आणि चार एक्झॉस्टची एकमेकांशी जुळली पाहिजे. एखादी कमी भरली तर कॅमचा तो उंचवटा झिजलाय, हे कॅम बाहेर काढण्याआधीच कळतं.

आता हेड. १४८९ मध्ये इथेच सर्वांत जास्त नुकसान होतं, म्हणून सावकाश सांगतो. रॉकर शाफ्टचे चार खांब आठ नटांवर बसतात, आणि त्यातले चार नट हेडलाही धरून ठेवतात. ते चारच आधी पूर्ण सोडले तर हेडचा एका बाजूचा ताण जातो, दुसऱ्या बाजूचा राहतो आणि हेड वाकू शकतं. म्हणून हेडचे सगळे नट, खांबांच्या नटांसह, थोडे थोडे, आळीपाळीनं सैल करा. पाव फेरा प्रत्येकाला, मग पुन्हा पाव फेरा. सगळे मोकळे झाल्यावर रॉकर शाफ्ट अखंड उचला. पुश रॉड काढताना आधी गोल फिरवून मोकळे करा, नाहीतर खालचे टॅपेट त्यांच्याबरोबर वर ओढले जातात आणि पडतात. पुठ्ठ्याच्या खोक्याला आठ भोकं पाडून, पुढची बाजू लिहून, त्यात क्रमानं खोचा. टॅपेट आणि कॅम एकमेकांशी झिजत जोडीनं जगलेले असतात. टॅपेटांचा क्रम बिघडला तर ते पुन्हा वापरता येत नाहीत.

हेड निघत नसेल तर सांध्यात छिन्नी घालू नका. प्लग पुन्हा लावा आणि क्रँक फिरवा. आतल्या हवेच्या दाबानं बरेचदा ते सुटतं. न सुटल्यास लाकडी हातोड्यानं बाजूंवर ठोका. अँबॅसॅडरचं हेड बिडाचं असल्यामुळे एवढ्यावर भागतं. फियाटचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं. पोलादी स्टडभोवती ते पांढरं गंजून असं काही धरतं की दोन-दोन आठवडे तेल सोडत, तापवत, वाट बघावी लागते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १०८९ सीसीचं ते इंजिन घेऊन निघालेल्या फियाट आणि पद्मिनी मुंबईच्या रस्त्यांवर २०२३ पर्यंत टॅक्सी म्हणून धावल्या, त्यामुळे त्यांचे भाग अजून दिसतात. पण चांगलं हेड दुर्मीळ होत चाललं आहे. फियाटवाल्यांनी घाई अजिबात करू नये.

उतरवलेलं हेड उलटं करून उजेडात बघा. मधल्या दोन सिलिंडरांचे एक्झॉस्ट एकाच पोर्टमध्ये जातात, म्हणून तिथे उष्णता साचते. दोन आणि तीन नंबरच्या व्हॉल्व सीटच्या मधे तडा शोधा. केसासारखी रेघ दिसते की नाही अशी शंका असेल तर जुना उपाय करा. जागा रॉकेलनं भिजवा, कोरडी पुसा आणि वर खडूची पूड चोळा. तड्यात शिरलेलं रॉकेल थोड्या वेळानं खडूत रेघ उमटवतं. एक्झॉस्ट व्हॉल्व हेडमध्ये आत बुडालेले दिसले तर ती शिसं नसलेल्या पेट्रोलची करणी. शिशामुळे बिडाच्या सीटला मिळणारं संरक्षण गेलं आणि सीट झिजल्या. अशा हेडला कठीण धातूच्या नव्या सीट बसवून घ्या. बहुतेक पेट्रोलमध्ये आता इथेनॉलही आहे, तेव्हा जुन्या यांत्रिक फ्युएल पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या वापरण्याचा विचारही सोडा.

इंजिन उलटं करून चेंबर काढण्याआधी बोअरच्या तोंडाशी नख फिरवा. रिंग जिथपर्यंत पोचते त्याच्या वर न झिजलेली कड राहते. ती नखाला चांगली अडकत असेल तर रिज रीमरनं आधी काढा, कारण या इंजिनाचे पिस्टन वरूनच बाहेर येतात आणि त्या कडेवर रिंगांची खाच फुटते.

खाली बिग एंडच्या कॅप सोडण्याआधी रॉड आणि कॅप या दोघांवर, एकाच बाजूला, आकडे आहेत का पाहा. नसतील तर आत्ताच ठोका. रॉड आणि त्याची कॅप कारखान्यात एकत्र बोअर केलेली असतात, अदलाबदल झाली की गोलाई जाते. पिस्टनच्या डोक्याची पुढची बाजू कुठली आहे तेही लिहा. जुन्या १४८९ मध्ये गजन पिन रॉडच्या वरच्या टोकात चिमटा-बोल्टनं आवळलेली असते. तो सोडताना रॉड शिकंज्यात धरू नका, पिळला जातो; पिनच्या दोन्ही टोकांत नरम धातूचे तुकडे घालून पिन धरा.

क्रँक काढण्याआधी तिला पुढे-मागे ढकलून खेळ मोजा. हा खेळ मधल्या मेन बेअरिंगजवळच्या अर्धचंद्र थ्रस्ट वायसरांवर अवलंबून असतो, आणि क्लचवर पाय ठेवून चालवलेल्या गाड्यांत ते झिजून गेलेले असतात. कधी एखादा वायसर निखळून चेंबरमध्येच सापडतो, आणि मग ब्लॉकची कड घासली गेली आहे का ते बघावं लागतं.

पुढच्या बाजूला टायमिंग चेनच्या चाकांवरच्या खुणा जुळवून फोटो घ्या. क्रँकच्या चाकामागे पातळ शिम असतात, ते चाकाला चिकटून निघतात आणि हरवतात. दोऱ्यात ओवून ठेवा. कॅम ओढण्याआधी टॅपेट, तेलाचा पंप आणि डिस्ट्रिब्युटर फिरवणारा छोटा शाफ्ट निघालेला हवा. हा शाफ्ट हातानं धरता येत नाही म्हणून लोक त्याला पक्कड लावून खराब करतात. त्याच्या वरच्या टोकाला आटे असतात. त्यात पाच-सोळांश यूएनएफचा लांब बोल्ट फिरवून ओढला की तो हळूच फिरत वर येतो. खाच कुठल्या दिशेला होती त्याचा फोटो आधी घ्यायला हवा.

बेअरिंग काय सांगतं

इथे दिवस गेला तरी चालेल. सगळे शेल क्रमानं, पांढऱ्या कागदावर मांडा. मेनचे खालचे आणि बिग एंडचे वरचे शेल जास्त झिजलेले असणं स्वाभाविक आहे, भार तिथेच येतो. करडा पृष्ठभाग म्हणजे आयुष्य शिल्लक. तांबूस दिसू लागलं तर वरचा थर संपलाय. लांब ओरखडे म्हणजे तेलातून कचरा गेला, आणि तो कुठून आला हे शोधल्याशिवाय नवे शेल टाकणं म्हणजे त्यांचाही नाश. शेल एका कडेलाच झिजला असेल तर रॉड वाकडा. त्याच रॉडचा पिस्टन पाहा, स्कर्टवर झीज तिरकी उतरलेली दिसेल. चारपैकी एकच बिग एंड जळालेला असेल तर क्रँकमधल्या त्या वाटेचं तेलाचं छिद्र तुंबलं होतं का ते तारेनं बघा. हे सगळं वहीत. जोडणाऱ्या मिस्त्रीला ही वही दिली की त्याचं निम्मं काम होतं.

आता मापं. बोअर मूळचा ७३.०२५ मिलिमीटर, म्हणजे पावणेतीन इंचांवर एक-अष्टमांश. तो वर, मध्ये, खाली अशा तीन ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी क्रँकच्या समांतर व आडव्या अशा दोन दिशांनी मोजा. क्रँकच्या मेन जर्नलचं मूळ माप दोन इंच, बिग एंडचं १.८७६ इंचाच्या आसपास. माप कमी आलं म्हणजे आधी ग्राइंडिंग झालंय. दहा, वीस, तीस, चाळीस थाऊ (इंचाचे हजारांश) अशा पायऱ्यांनी ते होतं. चाळीसवर गेलेली क्रँक आता आणखी घासायची नाही, दुसरी शोधायची. पिस्टनचंही तसंच, डोक्यावर ठोकलेला आकडा पाहा. बोअर चाळीस थाऊच्या पुढे गेला तरी ब्लॉक टाकून देऊ नका, स्लीव्ह टाकून तो मूळ मापावर आणता येतो. ब्लॉक खरा टाकावा लागतो तो मेन बेअरिंगच्या भिंतीला तडा असेल तर. तिथे वेल्डिंग, टाके, काही करणारे लोक भेटतील. नम्रपणे नाही म्हणा.

ब्लॉक मशीन शॉपला देण्याआधी सगळे कोअर प्लग काढा आणि वॉटर जॅकेटमधला क्षार तारेनं, चपट्या पट्टीनं, उकरून बाहेर काढा. तेलाच्या मुख्य वाटेची दोन्ही टोकांची बुचंही उघडा, बंदुकीच्या नळीसाठी असतो तसा लांब ब्रश घालून आरपार साफ करा. शॉपवाला ही बुचं काढेल असं गृहीत धरू नका. क्रँक चुंबकीय तपासणीला द्या, आणि ग्राइंडिंगचे पैसे ठरवण्याआधी द्या. हेडची पाण्याच्या दाबाची चाचणीही सीट बसवण्याआधीच.

बोअरिंग लगेच करून टाकू, असं बहुतेक ठिकाणी सांगतात. पिस्टन आणि बेअरिंग शेल हातात आल्याशिवाय बोअर किंवा क्रँक घासू देऊ नका. तीस थाऊला बोअर केला आणि बाजारात फक्त चाळीसचे पिस्टन निघाले तर पुन्हा मशीनवर चढवावं लागतं. पिस्टन शॉपमध्ये नेऊन द्या, त्यांच्या मापावरून बोअर करून घ्या, कुठला पिस्टन कुठल्या बोअरचा ते पिस्टनच्या डोक्यावर लिहून घ्या.

पिस्टन जमवायला महिने लागू शकतात, आणि मधे पावसाळा येतोच. तोवर मोकळ्या झालेल्या प्रत्येक मशीन केलेल्या पृष्ठभागावर ग्रीस किंवा जाड तेलाचा हात फिरवा. क्रँक आडवी ठेवू नका, फ्लायव्हीलच्या बाजूवर उभी करून भिंतीला बांधा. कॅमचंही तसंच. ब्लॉकला जाड प्लॅस्टिक गुंडाळताना खालून थोडी वाट मोकळी सोडा, घट्ट बांधलं तर आत दमट हवा कोंडते आणि बोअरला गंजाचे ठिपके येतात. होसकोट्यात पावसाळ्यानंतरही ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्य मोसमी पाऊस असतो, तेव्हा दिवाळीनंतर एकदा सगळं उघडून पुन्हा तेल लावा.